खरं की खोटं? कोवलमच्या वाटेवरचा एक दिवस

कोवलम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर केरळचा समुद्रकिनारा आला ना? माझ्याही आला होता. ताईने फोनवर "आजीला घेऊन ये, आपण सगळे कोवलमला जाऊ" असं सांगितलं, तेव्हा मी चेन्नईहून तिरुवनंतपुरमची गाडी शोधायला लागले होते. ताई पोट धरून हसली. हे कोवलम ते नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरचं मच्छीमारांचं गाव. इंग्रजांच्या जुन्या कागदांत त्याचं नाव कोव्हलाँग असं आहे. कधीकाळी इथे किल्ला होता आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून जिंकून घेतला होता. आता तिथे लोक सर्फिंग शिकायला येतात.

पण मी तुम्हाला सांगणार आहे ते कोवलमबद्दल कमी आणि कोवलमला जाणाऱ्या रस्त्याबद्दल जास्त. कारण हा रस्ता म्हणजे मजेची दुकानं ओळीने मांडून ठेवावीत तसा आहे. इंजंबाक्कमला व्हीजीपी, पुढे मुट्टुकाडूला एमजीएम डिझी वर्ल्ड, तिथेच दक्षिणचित्र आणि खाडीवरचा पूल ओलांडला की कोवलम. गाडीत मागच्या सीटवर माझा सात वर्षांचा भाचा होता. त्याचा दिवसभर एकच प्रश्न चालू होता. "मावशी, हे खरं आहे की खोटं?"

सुरुवात व्हीजीपीच्या फाटकापासूनच झाली. या पार्कात एक 'पुतळा' प्रसिद्ध होता. पहारेकऱ्याच्या वेशात उभा असलेला जिवंत माणूस. वर्षानुवर्षं लोक त्याच्यासमोर नाचायचे, वेडीवाकडी तोंडं करायचे, विनोद सांगायचे, पण तो हलायचा नाही की हसायचा नाही. चेन्नईतल्या एका अख्ख्या पिढीची बालपणीची आठवण आहे ती. ताईने हे सांगितल्यावर भाच्याने विचारलं, "पण तो खरा माणूस होता ना? मग खोटा पुतळा कशाला झाला?" आम्ही तिघीही गप्प. आजी तेवढी म्हणाली, "अरे, आपल्याकडे गणपतीत जिवंत देखावा असतो ना, तसंच ते."

आजीचं बरोबर होतं. आणि त्या वाक्याने माझ्या डोक्यात एक किडा सोडून दिला. या सगळ्या जागा उभ्या कोण करतं? पाळणे, भुताची घरं, हलणाऱ्या खुर्च्यांचे सिनेमे, अंधारातून जाणाऱ्या छोट्या गाड्या हे सगळं कोणीतरी कागदावर आधी काढलेलं असतं. जगभर अशा कंपन्या आहेत ज्यांचं कामच हे. वॉल्ट डिस्नेने १९५२ मध्ये या कामासाठी वेगळी कंपनी काढली. तिथल्या लोकांना 'इमॅजिनिअर' म्हणतात, म्हणजे कल्पना करणारा इंजिनिअर. आपल्याकडे याला अजून सरळ मराठी शब्दही नाही. मी तरी त्यांना 'देखावेवाले' म्हणणार आहे. कमीपणाने नाही हं.

छोटा चेतनची खोली

तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनी 'छोटा चेतन' पाहिला आहे का. थ्रीडीचा चष्मा लावून थिएटरमध्ये हात पुढे करून पडद्यातल्या वस्तू पकडायला गेलेली पिढी आहे ती. मूळ सिनेमा मल्याळम, 'माय डिअर कुट्टिचातन', १९८४ चा. भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट. नवोदय अप्पच्चन निर्माते आणि त्यांचा मुलगा जिजो दिग्दर्शक. हिंदीत तो 'छोटा चेतन' झाला आणि १९९८ मध्ये नव्या प्रसंगांसह, ऊर्मिला मातोंडकरला घेऊन पुन्हा आला.

त्यातल्या एका गाण्यात मुलं खोलीच्या भिंतीवर चढतात, तिथून छतावर जातात आणि उलटी चालत दुसऱ्या भिंतीने खाली येतात. तेव्हा कॉम्प्युटरवर असलं काही करता येत नव्हतं. मग हे केलं कसं? कला दिग्दर्शक के. शेखर यांनी अख्खी खोलीच फिरती बांधली. खोली एका मोठ्या लोखंडी सांगाड्यात बसवलेली, कॅमेरा त्या खोलीलाच घट्ट बांधलेला. खोली हळूहळू फिरते, तिच्याबरोबर कॅमेराही फिरतो, त्यामुळे पडद्यावर खोली जागच्या जागी दिसते. मुलं बिचारी कायम खालच्या बाजूलाच चालत असतात. फक्त 'खालची बाजू' बदलत जाते. आधी जमीन, मग भिंत, मग छत.

हे मी का सांगतेय? कारण पुढे याच नवोदय कुटुंबाने १९९५ मध्ये चेन्नईजवळ तांबरमला 'किष्किंता' नावाचं थीम पार्क उभारलं. नाव रामायणातल्या वानरांच्या किष्किंधेवरून. सिनेमावाले पार्काकडे वळले यात नवल काहीच नाही. दोन्हीकडे काम एकच, डोळ्याला पटेल असं खोटं उभं करायचं. फरक इतकाच की सिनेमात प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो आणि पार्कात तो त्या खोट्याच्या आत चालत येतो, हात लावून बघतो, कोपऱ्यामागे डोकावतो. म्हणून तिथलं खोटं चारही बाजूंनी पक्कं लागतं.

त्यांच्या काही युक्त्या तर इतक्या जुन्या आहेत की हसू येतं. भुताच्या घरात आरपार दिसणारं भूत हवेत तरंगताना पाहिलंय? ती युक्ती १८६२ ची आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर या गृहस्थांनी ती गाजवली. प्रेक्षकांसमोर तिरकी मोठी काच आणि बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, उजेडात उभा असलेला नट. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि काचेमागचा रंगमंचही दिसत राहतो. झालं भूत तयार. रात्री गाडीच्या खिडकीच्या काचेत तुमचा चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो ना, तेच. दुसरी युक्ती किल्ल्यांची. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधला राजवाडा खरा पाहता २३ मीटरच उंच आहे. पण खालचे दगड मोठे आणि वर जाल तसे लहान होत गेलेले. लहान म्हणजे लांबचं, असं आपल्या डोळ्याला सवयीने वाटतं आणि वाडा आभाळाला टेकल्यासारखा दिसतो.

सगळ्यात चलाख फसवणूक मात्र कानाशी केली जाते. हलणाऱ्या खुर्चीत बसून समोर पडदा, गाडी सुसाट सुटल्यासारखं वाटतं, तशी राइड तुम्ही केली असेल. खुर्ची प्रत्यक्षात फार तर फूटभर पुढेमागे होते. मग पाठीवर तो दाब कुठून येतो? खुर्ची हळूच मागे कलते. आपलंच वजन पाठीवर येतं. आपला तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत असतं आणि त्याला 'मागे कलणं' आणि 'वेगाने पुढे जाणं' यांतला फरक एकट्याने कळत नाही. तो डोळ्याला विचारतो. डोळा पडद्याकडे बघून म्हणतो, पुढे चाललोय! झाला निकाल. दोघांचं जमलं नाही की मळमळतं. तसं झालं तर डोळे मिटून घ्या, एक साक्षीदार गप्प झाला की भांडण थांबतं.

दोन बोटं कमी

आता जरा न आवडणारी गोष्ट. त्या दिवशी एका पार्कात (कुठल्या ते सांगत नाही) भाच्याने ज्या राइडसाठी दीड तास रांगेत उड्या मारल्या, तिच्या दाराशी उंची मोजायचा खांब होता. पठ्ठ्या दोन बोटं कमी भरला. त्याने टाचा उंच केल्या. ऑपरेटरने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा मोजलं. दोन बोटं कमी.

मग आमच्या ताईसाहेब पुढे झाल्या. "दादा, दोनच बोटं तर आहेत, मी बसते ना शेजारी, मी धरते त्याला." हिंदीत सांगून झालं, इंग्रजीत सांगून झालं, मोडक्या तमिळमध्येही झालं. तो मुलगा माझ्याच वयाचा असेल, उन्हात उभं राहून काळवंडलेला. त्याने नाही म्हटलं ते नाहीच. मागची रांग कुरकुरायला लागली. भाचा रडायला लागला. ताई त्या मुलावर इतकी चिडली की पुढचा अर्धा तास कोणाशी बोलली नाही.

खरं सांगते, तेव्हा मलाही त्याचा राग आला होता. घरी आल्यावर थोडं वाचलं आणि माझी मला लाज वाटली. तो खांब वयासाठी नसतो, शरीराच्या मापासाठी असतो. खुर्चीवरचा दांडा मांडीवर नेमका कुठे टेकणार, खांद्यावरचा पट्टा कुठे बसणार, हे ठरवून खुर्ची घडवलेली असते. उंची कमी पडली की दांड्याखाली फट राहते. राइड उलटी झाली किंवा झटका बसला की लहान शरीर त्या फटीतून सरकतं. तेव्हा शेजारी बसलेल्या आईच्या हाताची ताकद पुरत नाही. तिचं स्वतःचं वजनही त्या क्षणी कित्येक पट झालेलं असतं.

म्हणजे बघा, या देखावेवाल्यांना दोन उलटी कामं एकाच वेळी करायची असतात. तुम्हाला वाटलं पाहिजे की आता आपण पडलो, मेलो. आणि तुम्ही पडता कामा नये. रोलर कोस्टरचीच गोष्ट घ्या. चढावर 'कट् कट् कट्' आवाज येतो, छातीत धडधडतं. तो आवाज भीती घालण्यासाठी नसून सुरक्षेचा असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून रुळाच्या दात्यांत अडकत जाणाऱ्या खिट्टीचा तो आवाज. गाडीला एकदाच वर ओढतात, पुढचा सगळा खेळ उंचीने मिळालेल्या जोरावर चालतो. चाकं तिहेरी असतात, रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही. त्यामुळे गाडी उलटी झाली तरी रूळ सोडू शकत नाही. अनेक ठिकाणी शेवटचे ब्रेक चुंबकाचे असतात. ते वीज गेली तरी लागतात. आणि माणसं बसायच्या आधी पाण्याने भरलेले बाहुले खुर्च्यांत बसवून फेऱ्यांवर फेऱ्या मारून पाहतात.

हे सगळं नीट सांभाळलं नाही तर काय होतं तेही आपण पाहिलंय. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कात झोक्यासारख्या फिरणाऱ्या राइडचा दांडा तुटला. दोन जणांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. राइड चांगली की वाईट हे तिच्या रंगावरून कळत नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्यात मुलांना बसवताना माझी आता एक सवय झाली आहे. दोन मिनिटं बाजूला उभी राहून बघते, चालवणारा प्रत्येक पट्टा स्वतःच्या हाताने ओढून बघतोय का. नुसतं लांबून "लागला का?" असं ओरडत असेल तर आम्ही भेळ खायला जातो.

फसवून घ्यायलाही आधी भरवसा लागतो. त्या उन्हातल्या मुलाचं 'नाही' हा त्या राइडचाच एक भाग होता, आम्हाला तेव्हा तो दिसला नाही इतकंच.

यंत्र विकत मिळतं, गोष्ट नाही

आपल्या महाराष्ट्रात हा शौक जुना आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने जायचं, टीव्हीवरचं ते जिंगल गुणगुणत. २०२२ मध्ये ते बंद झालं तेव्हा माझ्या मावशीने व्हॉट्सॲपवर नव्वदच्या दशकातले फोटो टाकले होते. सगळे त्याच एका पोझमध्ये, सगळ्यांचे केस ओले. मग २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. चित्रपट व्यवसायातल्या मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं. बघा, पुन्हा सिनेमावालेच! कर्जाच्या ओझ्याने ते चांगलंच वाकलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. असं पार्क उभं करणं हा किती महागडा जुगार असतो, ते यावरून कळेल.

इमॅजिकातला 'नायट्रो' कोस्टर ४० मीटर उंच आहे आणि ताशी १०५ किलोमीटरपर्यंत धावतो. बनवला स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीने. अशी यंत्रं कॅटलॉग बघून मागवता येतात. पैसे असले की झालं. पण त्याच पार्कात एक होडीची राइड आहे, 'राजासॉरस'. हा डायनासोर आपला आहे. त्याचे अवशेष नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. जगात कुठेही टी-रेक्स दाखवतात, इथे मात्र नर्मदेकाठचा डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला प्राणी दाखवावा असं कोणाला तरी सुचलं. ते सुचणं कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

आणि सुचणाऱ्यांची आपल्याकडे वाण आहे का? पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत फिरून बघा. मोटरी, तारा, पुठ्ठा, प्लॅस्टर, दिवे आणि मागे रेकॉर्ड केलेला आवाज. यावर अख्खा अफजलखानाचा वध उभा करणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी तुळशीबाग गणपतीसाठी केलेले देखावे बघायला लोक तासन् तास रांगा लावायचे. कथा, प्रकाश, आवाज, रांगेची आखणी, सगळं त्यात आलं. फक्त दहा दिवसांनी ते मोडायचं असतं. आंबेगावला बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी आता कायमची उभी राहते आहे. तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला.

तुमच्या घरात सारखं चित्रं काढणारं, खोकी कापून घरं करणारं किंवा पंख्याची मोटर काढून काहीतरी फिरवणारं कोणी असेल तर हे ऐका. या कामात चित्रकार लागतात, आर्किटेक्ट लागतात, मेकॅनिकल इंजिनिअर, साउंडवाले, सुतार, शिवणकाम करणारे लागतात आणि गोष्ट लिहिणारेही लागतात. (हे शेवटचं मी दोनदा वाचलं!) अहमदाबादच्या एनआयडीत तर प्रदर्शनाच्या रचनेचा वेगळा अभ्यासक्रमच आहे. आणि गणित सोडून पळता येणार नाही. समजा, गाडीत २० जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला ६०० माणसं. फाटकाशी १,२०० उभी असतील तर शेवटच्याला दोन तास लागणार. त्या दोन तासांत त्याला सावली कुठे, पाणी कुठे, बघायला काय, हे ज्याने आखलं नाही त्याची राइड कितीही भारी असो, लोक घरी जाऊन रांगेचीच गोष्ट सांगतात. आम्हीच सांगतोय की.

आजीचं उत्तर

दुपारी सगळे रुसलेले, दमलेले असताना आम्ही मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्रमध्ये शिरलो. (मंगळवारी बंद असतं, लक्षात ठेवा.) इथे पाळणा नाही, कोस्टर नाही. घरं आहेत. मद्रास क्राफ्ट फाउंडेशन ही संस्था डेबोरा त्यागराजन यांनी १९८४ मध्ये सुरू केली आणि १९९६ च्या डिसेंबरात हे दहा एकरांचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. आराखडा लॉरी बेकर यांचा, कमी खर्चात साधी, देखणी घरं बांधणारे म्हणून केरळात ज्यांचं नाव घेतात ते. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र इथली अठरा जुनी घरं इथे आहेत. नक्कल नव्हे. गावोगावी मालक जुनी घरं पाडून लाकूड विकत होते. ती घरं संस्थेने घेतली, मापं काढून सुटी केली, इथे आणली आणि कारागिरांच्या हातून पुन्हा जोडली. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं घर, केरळातल्या पुथुपल्लीचं सीरियन ख्रिश्चन कुटुंबाचं लाकडी घर, अग्रहारातली घरं.

भाचा पहिल्याच उंबऱ्यावर थांबला. "हे तरी खरं आहे की खोटं?"

ताई म्हणाली खरं. मी म्हटलं, तसं खोटं, कारण इथे कोणी राहत नाही. आमचा वाद सुरू असताना आजी पुढे निघून गेली होती. कर्नाटकच्या भागात ती एका घरासमोर उभी. पाटीवर लिहिलेलं, इलकलच्या विणकराचं घर. आजी मिरजेची. तिच्या आईने जन्मभर इरकल लुगडं नेसलं, लाल टोपपदराचं. आजीकडे त्यातलं एक अजून आहे, नेसायचं नाही, फक्त उन्हं दाखवायची. तिने ते गाव कधी पाहिलं नव्हतं. ती तिथल्या कट्ट्यावर टेकली आणि दगडावरून हात फिरवत म्हणाली, "घर खरं आहे रे. जागा खोटी आहे."

भाच्याने त्यावर बराच विचार केला. मग तोही तिच्या शेजारी बसला आणि विचारायला लागला की लुगडं म्हणजे काय, ते नऊ वार कशाला, विणकर झोपायचे कुठे. आजी सांगत बसली. काही खरं, काही बहुतेक रचून. मी मधे बोलले नाही.

कोवलमला पोचेपर्यंत अंधार पडला होता. मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, जाळ्यांचा वास. भाचा गाडीतच झोपला होता. ताई म्हणाली, त्या राइडवाल्या मुलाला निदान पाणी तरी विचारायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात ताईने व्हॉट्सॲपवर दाराच्या चौकटीचा फोटो पाठवला. पेन्सिलीने दोन रेघा, शेजारी तारखा. दीड बोट बाकी आहे.